सहा मे : शेजाऱ्यांचा एक सण

(अभ्यासवर्गातील भाषण)



वसंतातील सणांकडे आपण बहुधा धर्माच्या अंगाने पाहतो. परंतु श्रमाच्या अंगाने पाहिल्यास शेजारी समाजांमधील नाते अधिक स्पष्ट होते. तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशातील सहा मे हा दिवस याचे बोलके उदाहरण होय.

तुर्की मुसलमान या दिवशी हिद्रेलेझ साजरा करतात. हिझिर, म्हणजे आपल्याकडील ख्वाजा खिज्र, आणि इलियास यांची वर्षातून एकदा या दिवशी भेट होते व धरती हिरवी होते, अशी श्रद्धा आहे. सर्बिया, उत्तर मॅसेडोनिया आणि बल्गेरियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्याच दिवशी संत जॉर्जचा सण पाळतात. जुन्या ज्यूलियन पंचांगातील २३ एप्रिल हा आजचा ६ मे. ज्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे ते रोमा लोक याला एदरलेझी म्हणतात, आणि त्यांच्यात मुसलमानही आहेत व ख्रिस्तीही. नावे निराळी असली तरी आचारांत मोठे साम्य आहे. दाराला हिरव्या डहाळ्या लावणे, दवाने किंवा फुले घातलेल्या पाण्याने तोंड धुणे, झाडाला झोके बांधणे, कोकराचा बळी देणे, हे अनेक गावी सारखेच.

हे साम्य आले कोठून? धर्मग्रंथांत त्याचे उत्तर सापडत नाही. ते कामाच्या कालगणनेत सापडते. उस्मानी राजवटीत लोकव्यवहारात वर्षाचे दोन भाग पडत. ६ मे पासून ‘हिझिरचे दिवस’, ८ नोव्हेंबरपासून ‘कासिमचे दिवस’. ८ नोव्हेंबर हाच ख्रिस्त्यांच्या संत दिमित्रचाही दिवस. मेंढपाळांचे व शेतगड्यांचे करार पहिल्या दिवशी सुरू होत आणि दुसऱ्या दिवशी हिशेब मिटे. मालक एका धर्माचा आणि मेंढपाळ दुसऱ्या धर्माचा असला, तरी तारीख दोघांची एकच. विदर्भ-मराठवाड्यात पाडव्याला सालगडी ठरविण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

तथापि सण समान असला म्हणजे शेजार सुरक्षित राहतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियातील लक्षावधी तुर्की नागरिकांची नावे सक्तीने बदलण्यात आली. हे कृत्य समाजवादाचे नाव घेणाऱ्या सरकारचे होते, हे आपण विसरता कामा नये. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे देश सोडून तुर्कस्तानात गेली. तंबाखूची शेती मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच हातांवर चालत असे. ऐन हंगामात शेतांवर मजूर मिळेनात. एक राष्ट्र, एक नाव, एक भाषा या हट्टापायी श्रमाची जुनी सांगड तुटली. बल्गेरियाच्या संसदेने या प्रकाराचा निषेध केला तो २०१२ साली.

२०१७ साली युनेस्कोने हिद्रेलेझची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत केली. हा सण कोणा एका देशाच्या मालकीचा मानला गेला नाही. मॅसेडोनिया व तुर्कस्तान या दोन देशांनी मिळून त्याचा प्रस्ताव मांडला होता, हे महत्त्वाचे.

या कथेचा एक धागा आपल्या दाराशीही येतो. सिंधू नदीच्या काठी हाच खिज्र जिंदा पीर म्हणून पूजला गेला, आणि सिंधी हिंदूंच्या झुलेलालाशी त्याचे नाते जडले. उदेरोलाल येथे एकाच स्थानी हिंदू झुलेलालापुढे आणि मुसलमान आपल्या पीरापुढे नमत आले आहेत. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी उल्हासनगर वसविले. तेथे आजही चैत्रात चेटीचंडची मिरवणूक निघते. मिरवणूक राहिली, पण तो सण ज्यांच्या शेजारात वाढला ते शेजारी सीमेपलीकडे राहिले.

म्हणून लोकरूढींचा अभिमान बाळगताना कार्यकर्त्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : या सणात पूर्वी कोण येत असे, आणि आज कोण येत नाही? वाजंत्री, पालखी, ताबूत, उरूस यांत गावोगावी भिन्न जातिधर्मांच्या माणसांचे मान आणि कामे ठरलेली असत. ती कोणकोणती मोडली, केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून मोडली, याची नोंद करणे हे राजकीय कामच आहे. रूढी जतन करण्यास संग्रहालयेही पुरेशी होतात; शेजार मात्र माणसांनाच राखावा लागतो.