छान दिसणं आणि खरं दिसणं



मंगफमध्ये गुरुवारची संध्याकाळ म्हणजे घरी व्हिडिओ कॉल लावायची वेळ. इथे सात वाजलेले असतात, तिकडे साडेनऊ. एका फ्लॅटमधले चौघे एकाच वायफायवर बोलतात, तरी प्रत्येकाला आपापल्या घरचे चेहरे दिसतात. हे कसं जमतं आणि त्यात कुठे सावध राहायचं, ते आज सांगतो.

आधी थोडा हिशोब. फुल एचडी चित्रात साधारण २० लाख ७३ हजार ठिपके असतात. एका ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर दर सेकंदाला जवळजवळ १४९ कोटी बिट होतात. प्रत्यक्षात २० लाख बिटांतही कॉल नीट चालतो. मग बाकीचं जातं कुठे?

काही भाग पुन्हा पाठवायची गरजच नसते. आईमागची भिंत मागच्या चित्रात होती तशीच आताही आहे. पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून जे आपल्या डोळ्याला फारसं कळणार नाही, ते टाकून देतात.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका वेळी तुम्हाला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. शिवाय उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. तिसरी गोष्ट घरातली आहे. पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा थेंब लगेच दिसतो, फुलाफुलांच्या कापडावर लपतो. चित्रातल्या चुकाही तशाच गजबजलेल्या भागात लपतात, कोऱ्या आकाशात उघड्या पडतात.

हे लपणं मोजणाऱ्यांत एक नाव आपल्या मुंबईच्या आयआयटीचं आहे, अरुण नेत्रावळी. १९६७ साली ते तिथून इंजिनिअर झाले, अमेरिकेत राइस विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि बेल लॅब्जमध्ये गेले. १९७७ साली त्यांनी बिरेंद्र प्रसाद यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. चित्राच्या कोणत्या भागात किती चूक डोळ्याला खपते, हे माणसांना चित्रं दाखवून मोजायचं आणि त्या मापाने बिट वाटायचे, असा त्याचा गाभा. पुढे ते बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले, २००१ साली पद्मभूषण मिळालं. आज या विषयात पीएचडी करणारी मुलं याच वाटेने पुढे जात आहेत.

त्यांची परीक्षा अजूनही माणसांवरच होते. ठरावीक उजेडाच्या खोलीत, निदान पंधरा जणांना व्हिडिओ दाखवतात आणि एक ते पाच गुण द्यायला सांगतात. त्या लोकांची नजर आणि रंगओळख आधी तपासून घेतात. मोतीबिंदू झालेले तुमचे आजोबा त्या पंधरांत नसतात. आणि प्रश्न एवढाच असतो, की चित्र चांगलं दिसतं का? त्यातला मजकूर बरोबर वाचता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

सावध राहायचं ते इथेच. आई कॉलवर औषधाची पट्टी दाखवते आणि विचारते, "हीच गोळी ना रे?" पट्टीवर २.५ लिहिलेलं असतं. मधला टिंब म्हणजे अगदी बारीक तपशील, नेट कमी पडलं की आधी जाणारा. चेहरा मात्र छान दिसतो, त्यामुळे अक्षरंही नीट दिसताहेत असं वाटतं. २.५ चे २५ कधी झाले, कळतही नाही. तसंच ३ आणि ८ चं. अंगावरच्या पुरळाचं, जखमेच्या कडेच्या लालीचंही तेच. रंगाचा बारीक तपशील आधीच कमी केलेला असतो.

म्हणून चार गोष्टी करा. औषध, रिपोर्ट, जखम यांचा निर्णय कॉलवरच्या चित्रावरून घेऊ नका. फोटो काढायला सांगा आणि तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे अ‍ॅप तो दाबत नाही. औषधाचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचून घ्या, टिंबासकट. घरच्यांना फोन हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवायला आणि दिवा लावून बसायला सांगा. हलणारं आणि अंधारातलं चित्र जास्त बिट खातं, मग बाकीच्याला कमी उरतात.

गप्पा मारायला, नातवाचं पहिलं पाऊल बघायला हे तंत्र फार उत्तम आहे. डोळ्याला चालेल तेवढंच ते पाठवतं आणि म्हणूनच इतक्या लांबून आपल्याला आपलं घर दिसतं. गोळीच्या बाबतीत मात्र आकडा कानाने ऐकून खात्री करा.

घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.