जकात गेली, भरपाई कुणाला?



पूर्वी जकात नाक्यावर पावती फाडल्याशिवाय मालाची गाडी शहरात शिरत नसे. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. मुंबई महापालिका मात्र उत्पन्न बुडेल म्हणून अडून बसली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा कायद्याने भरपाई पदरात पाडून घेऊनच तिने जकात सोडली. दरमहा रक्कम, दरसाल ८ टक्के वाढ. पहिलाच धनादेश ६४७ कोटींचा!

त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. त्यात आपला भाव पडला, त्याची भरपाई कोणत्या कायद्यात आहे? महापालिकेचे बुडते ते उत्पन्न आणि आपले बुडते ते नशीब?

सरकारी निर्णयाने भाव पडला, तर कायद्याने भरपाई मिळालीच पाहिजे. हा ठराव आज कराडातून आपण करू.