काळ्या कातळाच्या थरांतील इतिहास



देशावर विहीर खोदताना काय काय निघते, हे गावात राहणाऱ्यास ठाऊक असते. प्रथम माती, मग मुरूम, त्याखाली काळा कातळ. सुरुंग लावून कातळ फोडीत गेले की कधी कधी भाजलेल्या विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा काळा कातळ सुरू होतो. भूगोलाच्या तासाला मात्र या विहिरीची आठवण सहसा होत नाही.

हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. जमिनीस लांबच लांब भेगा पडून तो वर आला, पसरला आणि थिजला. काही काळाने पुन्हा आला. असे थरावर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून दिसणाऱ्या पायऱ्या त्याच थरांच्या आहेत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा भूशास्त्राचा पहिला नियम. उकिरड्याच्या तळाचा केर सर्वांत जुना, हे ज्या मुलास कळते त्यास हा नियम निराळा शिकवावा लागत नाही. तांबडा पट्टाही या नियमानेच उलगडतो. बहुतेक ठिकाणी तो खालच्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसाने झिजून झालेल्या मातीचा असतो; वरून नवा रस आला आणि ती माती भाजली गेली. म्हणजे दोन थरांच्या मध्ये विसाव्याचा बराच काळ गेला होता.

तप्त रसात प्राणी वा वनस्पती टिकणे कठीण. म्हणून काळ्या कातळात जीवाश्म शोधणे बहुधा व्यर्थ. परंतु विसाव्याच्या काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांत गाळ बसला, गोगलगायी वाढल्या, काठी झाडे उगवली. पुढच्या रसाने ते सारे झाकून टाकले. नागपूरजवळ टाकळी येथे अशाच गाळाच्या थरांत स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या धर्मोपदेशकांनी १८५० च्या दशकात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे व बिया जमविल्या. हिस्लॉप १८६३ साली पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांनी वर्णिलेल्या थरांचा अभ्यास मात्र अद्याप चालू आहे.

नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगाव कलान येथील थर याहून बोलका आहे. तेथे पाण्यातील सिलिका झाडांच्या पेशींत झिरपून गारगोटीसारखा कठीण दगड झाला आणि पेशींची रचना जशीच्या तशी राहिली. डॉ. बिरबल साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या जिल्ह्यातील दगडांत त्यांना अझोला सापडला. आज गुरांच्या खाद्यासाठी टाक्यात वाढवितात तो अझोला याच कुळातला. तो संथ पाण्यावर तरंगतो, तेव्हा तेथे पाणी संथ होते, हे निराळे सिद्ध करावयास नको. साहनींनी लखनौच्या पुरावनस्पती संस्थेसाठी जी कोनशिला करविली तीत जीवाश्मच बसविले होते. एप्रिल १९४९ मध्ये ती बसली आणि आठवड्याभरातच ते निवर्तले.

या थरांचे वय किती, यावर दीर्घकाळ मतभेद होता. वनस्पतींवरून साहनींनी ते तृतीय कल्पाच्या आरंभीचे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे मानले. पुढे कातळातच घड्याळ सापडले. खडकातील पोटॅशियमचा एक अल्पांश अतिशय मंद गतीने आर्गॉन वायूत पालटतो. रस वितळलेला असताना वायू निसटून जातो, थिजल्यावर आत साठू लागतो. तो मोजला की थिजण्याची वेळ कळते. या मापनाने बहुतेक लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला. डायनोसॉरांचा अंत त्याच सुमारास झाला. थोर अभ्यासकाचे मत पुराव्यापुढे मागे पडले, हा भाग विद्यार्थ्यांपासून लपवू नये. शास्त्र असेच चालते.

डायनोसॉरांचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे लाव्हाच्या खालच्या गाळात त्यांची हाडे आणि अश्मीभूत शेण सापडते. शेण म्हटल्यावर वर्गात हशा पिकेल, तो पिकू द्यावा. गवत कापताना पात्याने हात चिरतो, तो पात्याच्या धारेवरील सिलिकामुळे. तसलेच सिलिकाचे सूक्ष्म कण या शेणात निघाले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरांच्या नंतर आले, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. ती पिसदुऱ्याच्या शेणाने मोडली. पुढे २०११ मध्ये भाताच्या गटातील गवताचेही कण तशाच थरांतून नोंदले गेले.

मुले दगड आणतील, तेव्हा दोन फसव्या गोष्टी ओळखून ठेवणे बरे. दगडाच्या चिरेवर नेच्यासारखी काळी नक्षी दिसते. ती वनस्पती नव्हे, पाण्याबरोबर झिरपलेल्या मँगनीजची ती रांगोळी आहे. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे वाटोळे धोंडेही अंडी नव्हेत. काळा कातळच तसा झिजतो. खरा शंख वा लाकडाच्या रेषा असलेला दगड आला, तर गाव, शेत, जमिनीपासूनची खोली, वरचा दगड कोणता व खालचा कोणता, एवढे चिठ्ठीवर लिहून ती त्या दगडास बांधावी. हाड वा शेणासारखे काही जागेवरच असेल तर ते न उकरता तहसील कार्यालयामार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर कार्यालयास कळवावे. पिसदुऱ्याचे शेण कोणी टोपलीत भरून शाळेच्या कपाटात ठेवले असते, तर ते लाव्हाच्या खालचे की वरचे, हे पुढे कोणालाच सांगता आले नसते.