शिडाच्या होडीसाठी शिलाई मशीन घेताना

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावून बसला असाल. आज आम्ही शिलाई मशीनबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन ते काय? ब्लाऊज, परकर, पिशव्या तर आपण शिवतोच. पण आमच्या बचत गटाकडं एक वेगळंच काम आलं होतं, होडीचं फाटलेलं शीड शिवायचं. त्या कामापायी आमचे पैसे अडकले आणि गटही फुटता फुटता वाचला. म्हणून तुम्हाला सांगतो.

आमचं गाव खाडीच्या तोंडावर. होड्यांना इंजिनं आली तशी शिडं गेली. पण आता पर्यटनाच्या निमित्तानं हंगामात शिडाच्या बोटी पुन्हा दिसतात. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक नवरा-बायको मुंबईहून गोव्याकडं जाताना आमच्या खाडीत नांगर टाकून थांबले. त्यांचं शीड दोन हात फाटलं होतं. बाई किनाऱ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "इथं कुणी शिवून देईल का?" आम्ही लगेच हो म्हटलं.

महिन्याभरापूर्वीच गटानं कर्ज काढून 11,000 रुपयांचं नवं विजेचं मशीन घेतलं होतं. हलकं, पांढरं, वीस-बावीस प्रकारची टीप घालणारं. दुकानदार म्हणाला होता, यावर काहीही शिवा. शिडाचं साधं कापड त्यावर शिवलं गेलं. पण काठाला चार-पाच पदर आले तशी मोटर नुसती घुंई घुंई करायला लागली. एकामागून एक चार सुया मोडल्या. मग आत काहीतरी कडकन वाजलं आणि मशीन बंद. उघडलं तर आतलं दात्यांचं चाक प्लॅस्टिकचं, दाते झिजून गेलेले.

ते दोघं दोन दिवस थांबले. शेवटी शिडाला चिकटपट्टी लावून निघून गेले. बाई एका शब्दानं रागावल्या नाहीत, पण आम्हाला मान वर करवेना.

मग झाली गटाची बैठक. दुकानात गेलेल्या आमच्या एका वहिनींवर सगळ्या तुटून पडल्या. "तुम्हीच निवडलं, तुम्हीच भरा." वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. बचत मात्र मुलाच्या हाती पाठवत राहिल्या. तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "ठरावावर अंगठा आपण सगळ्यांनी लावला, मग दुकानात ती एकटी का गेली?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. आम्ही चौघी वहिनींच्या घरी गेलो, माफी मागितली. आणि ठरवलं की पुढचं मशीन पाच जणी मिळून बघायचं, आपलं कापड सोबत न्यायचं.

आता मशीन निवडताना काय पाहायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, काम कोणतं? होडीवर दोन तऱ्हेची शिलाई असते. एक, ताडपत्री, छत, गाद्यांची खोळ. याला सरळ टीप चालते. दुसरं, शीड. शिडात वारा भरला की कापड ताणतं. सरळ टीप त्याबरोबर ताणली जात नाही, दोरा तुटतो. म्हणून शिडाला नागमोडी टीप लागते, म्हणजे झिगझॅग. ती ताणाबरोबर थोडी सैल होते. आणि मैत्रिणींनो, झिगझॅगचं मशीन आपल्याला नवीन नाही. साडीला पिको करतात ते झिगझॅगच की.

दुसरी गोष्ट, अंग कशाचं? आतली चाकं धातूची हवीत. हातचाक जड हवं, कारण जाड कापडात सुई रेटण्याचा जोर त्या चाकातून येतो. लोखंडी मशीन उचलायला जड, खरं आहे. पण होडी हलत असली तरी ते जागचं लवकर हलत नाही.

तिसरी गोष्ट, वीज. पाण्यावर वीज म्हणजे बॅटरी, तीही जपून वापरायची. हातानं फिरवायचं मशीन बोटीवर कुठंही चालतं. शिवाय जाड जागी एकेक टाका सावकाश घालता येतो. मोटर लावायची तर हळू चालणारी लावा, पण हाताची सोय काढून टाकू नका.

चौथी, टाक्याची लांबी. जाड कापडाला बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथंच फाटतं. चार-पाच मिलिमीटरचा टाका पडतो का ते पाहा.

पाचवी, सुई ते मशीनच्या खांबापर्यंतची जागा. एवढं मोठं शीड त्यातून जाणार कसं? गुंडाळी करून, चिमटे लावून. जागा जितकी जास्त तितकं बरं. आणि हे एकटीचं काम नाही. एकीनं शिवायचं, दुसरीनं शीड धरून पुढं सरकवायचं.

कारखान्यात एक मशीन असतं, त्यात खालच्या दात्यांबरोबर वरचा पायही चालतो. वरचा आणि खालचा पदर सारखाच सरकतो, घसरत नाही. जाड कामाला ते सगळ्यात चांगलं. पण किंमत ऐकून आम्ही परत आलो. काम वाढलं तर बघू.

शेवटी तालुक्याच्या गावी एक ताई पिकोचं दुकान बंद करत होत्या. त्यांचं जुनं लोखंडी झिगझॅग मशीन होतं. आम्ही पाच जणी पिशवी घेऊन गेलो. पिशवीत जुन्या शिडाचा तुकडा, ताडपत्री, गादीचा पट्टा आणि आमचाच दोरा. दोन पदर, चार पदर, सहा पदर, सगळं तिथंच शिवून पाहिलं. सहा पदरांना हातानं चाक फिरवावं लागलं, पण टाका सुटला नाही. या वेळी शिवून बघायला वहिनींनाच बसवलं. 6,500 रुपयांत मशीन घेतलं.

चांगल्या मशीनलाही सुई-दोरा बरोबर लागतो. नेहमीच्या कपड्यांची सुई इथं मोडते. 18 नंबरची घ्या, आणखी जाड कामाला 20 किंवा 21 नंबर, मशीनला चालत असेल तर. सुती दोरा ओलाव्यानं कुजतो, नायलॉन उन्हानं कमजोर होतो. उन्हात टिकणारा जाड पॉलिस्टर दोराच घ्या. शीड गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवूनच मशीनवर घ्या. कापडातलं मीठ मशीनला खातं. शिडाचं कापड गुळगुळीत, टाचण्यांनी भोकं पडतात, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून पदर जोडा. सुईला गोंद लागला की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

आणि शिडाचे कोपरे! तिथं पदरावर पदर असतात. तिथं कोणत्याही छोट्या मशीनचा हट्ट धरू नका. आरीनं भोक पाडून, तळहाताला चामडं बांधून, जाड सुईनं हातानंच शिवा.

काम झालं की मशीन पुसा, बॉबिनची डबी काढून कोरडी करा, तेलाच्या भोकांत दोन-दोन थेंब टाका, चिंधीवर थोडं चालवा. झाकण सुती कापडाचं घाला, प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

मैत्रिणींनो, आपल्या नौदलाच्या 6 महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या आणि जगाला फेरी मारून 21 मे 2018 ला परतल्या. भर समुद्रात शिंप्याचं दुकान कुठलं? पाण्यावरच्या माणसाला आपलं फाटलेलं आपणच शिवावं लागतं. आम्ही तर किनाऱ्यावर बसून शिवतो.

गेल्या हंगामात आम्ही तीन छोटी शिडं आणि मच्छीमारांच्या होड्यांची नऊ छतं शिवली. पांढऱ्या मशीनचं चाक बदललं, त्यावर आता ब्लाऊज होतात. त्याचं कर्ज अजून फिटतंय, चार हप्ते राहिलेत. पण हप्त्याच्या दिवशी आता कुणी कुणाकडं बोट दाखवत नाही.

तुमचा गट मशीन घ्यायला निघाला, तर दोन गोष्टी सोबत न्या. जे शिवायचं आहे त्याच कापडाची पिशवी, आणि गटातल्या आणखी चार जणी. दुकानदार शिवून पाहू देत नसेल, तर त्या दुकानातून उठा.