गळलेल्या मोसंबीचं सरबत



जालन्यातल्या मस्तगडावरच्या माणसाला मोसंबीचं कौतुक काय सांगायचं!
जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण आंबिया बहार तोडणीला येता येता फळगळ होते.
बारकं, डागाळलेलं फळ व्यापारी घेत नाही.

इंग्लंडमध्ये जुन्या बागांतल्या न खपणाऱ्या सफरचंदांचं सायडर करतात.
सायडर म्हणजे फळाची हलकी दारू.
आपल्याकडे दारूला सरकारी परवाना लागतो.
तेव्हा आपण सरबताचंच बघू.

आधी निवड.
कुजलेलं, फुटलेलं फळ घेऊ नका.
ते बागेबाहेर खड्ड्यात पुरा.
घट्ट, बारकं फळ चालतं.

आता खरी गोम.
मोसंबीचा रस ठेवला, की कडू होतो.
काढताना गोड, काही तासांनी कडवट.
हे काम लिमोनिन नावाच्या घटकाचं.
बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात त्याचं बिनकडू रूप असतं.
रसाच्या आंबटपणात ते हळूहळू कडू होतं.

म्हणून साल काढा.
खालचा पांढरा थरही काढा.
बिया चिरडू नका.
फोडी फार दाबून पिळू नका.
चार थेंब कमी आले, तर येऊ द्या.
शेवटचे थेंबच घात करतात.

पुन्हा सांगतो, रस ठेवून देऊ नका.
लगेच साखरेच्या पाकात मिसळा.
पाक निवलेला हवा.
गरम पाकात मोसंबीचा वास उडतो.

विकायचं असेल, तर अन्न सुरक्षा नोंदणी करा.
प्रक्रियेबद्दल खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि फळगळच जास्त असेल, तर बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र आहे.
जाताना गळलेली चार फळं पिशवीत घ्या.