प्रतिकृती-रेल्वेचा देखावा आणि सीमाभागाची भूमी

(शतसंवत्सरी व्याख्यानमालेतील भाषण)



रेल्वेची लहान प्रतिकृती हा विषय ग्रंथालयाच्या व्यासपीठावर काहीसा अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. चावी दिली की गोल फिरणारी गाडी म्हणजे मुलांचे खेळणे, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु या छंदाचे दोन भाग आहेत. गाडी, रूळ आणि विजेची योजना हा पहिला भाग. तो बाजारात विकत मिळतो. रुळांच्या दोहो बाजूंची भूमी, म्हणजे टेकड्या, ओढे, शेते, स्थानके, घरे आणि माणसे, हा दुसरा भाग. तो विकत मिळत नाही, आणि मिळाला तर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी देशाचा असतो. आजचे विवेचन या दुसऱ्या भागापुरते, आणि तेही बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात आहे.

मराठी घराला देखाव्याची कला अपरिचित नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते, आणि बुरुजावर मातीचे मावळे बसतात. गणपतीपुढची आरास याच जातीची. खेड्यातील मूल ज्वारीच्या धाटाची साल आणि आतला मऊ गाभा वापरून चाके, जू आणि साटा असलेली बैलगाडी करते. या भागातल्या कारागिरांचा तर बारीक कामात हातखंडा आहे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची वेल जडवणारे आणि किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने ती धातू काळी करणारे बिदरी कारागीर बीदर शहरात आजही काम करतात. हस्तकौशल्याची उणीव येथे कधीच नव्हती. उणीव असलीच तर ती आपल्याच परिसराकडे मोजमाप घेऊन पाहण्याच्या सवयीची आहे.

प्रतिकृती-रेल्वेचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध नमुना पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी १९८२ मध्ये पुण्याच्या गोखले हॉलमध्ये आपली मांडणी प्रथम लोकांसमोर ठेवली. १९८४ मध्ये ती सोलापूरलाही नेण्यात आली होती. सोलापूर हे कलबुर्गीकरांचे जवळचे शहर असल्याने ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. प्रत्येक वेळी सारा पसारा सोडवून पुन्हा जुळवणे किती कष्टाचे असते हे अनुभवल्यानंतर त्यांनी स्थिर मांडणीचा निश्चय केला. १९९१ मध्ये काम सुरू झाले आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये, जी. ए. कुलकर्णी पथावर, ते संग्रहालय खुले झाले. तेथील नगरीत उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून पाहण्याचे चित्रपटगृह असे सर्व काही आहे. दिवे मंदावून रात्र केली जाते, तेव्हा लहानमोठे सारे प्रेक्षक सारख्याच कुतूहलाने खाली वाकतात. चिकाटी आणि तांत्रिक बुद्धी यांचा तो एक आदर्शच आहे. मात्र ती नगरी कल्पनेतली आहे. नकाशावर बोट ठेवून तिचे गाव दाखवता येत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडात आला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडील व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्यात हिंडत असताना गवती छपरांची जुनी घरे आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत, हे त्याने पाहिले. घरे वाचवणे त्याच्या हाती नव्हते, मोजणे होते. त्याने आणि पुढे त्याच्या सहकाऱ्यांनी घर न् घर मोजले, छायाचित्रे घेतली, भिंतींचे रंग टिपले, बागेत कोणती फुले आहेत तेही लिहून ठेवले. १९५४ मध्ये लाँग विटनम या गावी पेंडन संग्रहालयाची स्थापना झाली. एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात १९२०-३० च्या सुमाराचे ते खोरे तेथे उभे आहे. घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, त्यांवर जलरंगांनी एकेक वीट रंगवली आहे. एका घरावर एका माणसाची कित्येक महिन्यांची मेहनत खर्च होते. रॉय इंग्लंड १९९५ मध्ये निवर्तला; काम अद्याप चालू आहे. आरंभी रेल्वेच्या आवडीने घेतलेले हे व्रत अखेर एका प्रदेशाच्या लोकजीवनाचे दप्तर होऊन बसले.

असे दप्तर बीदर-कलबुर्गी भागाचे करायचे झाले तर काय करावे लागेल? पहिला निर्णय सालाचा. मुंबईकडून आलेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा ओलांडून १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या मार्गाला मिळाला. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादकडे निजामाच्या राज्यातील मार्ग निघाला. विकाराबादहून बीदरला रेल्वे आली ती १९३० मध्ये, आणि दोनच वर्षांत ती परळी वैजनाथपर्यंत गेली. बीदर आणि कलबुर्गी ही दोन जिल्ह्यांची ठिकाणे एकमेकांना थेट रुळांनी जोडली जाण्यास मात्र २९ ऑक्टोबर २०१७ हा दिवस उजाडावा लागला. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले. तेव्हा १९९० सालचा देखावा करणाऱ्याने स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर देवनागरीत ‘गुलबर्गा’ असेच लिहिले पाहिजे. रुळांवर विजेच्या तारा दाखवता कामा नयेत. आणि बीदरची गाडी थेट येथे आणण्याचा मोह टाळला पाहिजे. साल निश्चित झाले नाही तर देखावा सुंदर होईल, पण खरा होणार नाही.

दुसरा निर्णय प्रमाणाचा. जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. त्यात एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. साडेपाच फूट उंचीचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो, आणि बीदर शहराच्या मध्यभागी उभा असलेला ७१ फुटी चौबारा सुमारे २५ सेंटिमीटरचा. येथे एक अडचण उद्भवते, ती भारतीयांना विशेष जाणवणारी आहे. बाजारात मिळणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून काढलेले आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा, त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. विकतच्या रुळांवर भारतीय डबा ठेवला की तो अरुंद पायावर उभा असल्यासारखा दिसतो. ज्याला हा जवळजवळ तीन मिलिमीटरांचा फरक सोसवत नाही, त्याने रूळ स्वतः घालावेत. याउलट शेजारच्या लातूरला १९११ मध्ये पोहोचलेली बार्शी लाईट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. तिला या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर लागतात, आणि नऊ मिलिमीटरचे तयार रूळ सहज मिळतात. लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला. ती छोटी गाडी आता प्रत्यक्षात नाही. प्रतिकृतीत आणणे मात्र त्यातल्या त्यात सुलभ आहे.

तिसरा निर्णय निवडीचा. बीदर-कलबुर्गी मार्ग सुमारे ११० किलोमीटरचा. तो जसाच्या तसा लहान केला तरी सव्वा किलोमीटरहून लांब भरतो. वीस डब्यांची गाडीच पाच मीटर होते. एवढे दिवाणखाने कोणाकडेही नाहीत. म्हणून अंतर गाळावे लागते. अंतर गाळताना ओळख गाळली जाणार नाही, हे पाहणे हीच या कलेतील खरी कसोटी होय. या मार्गावर निसर्गाने आणि अभियंत्यांनी एक सोय करून ठेवली आहे. हुमनाबाद आणि कमलापूर यांच्या दरम्यान, मरगुत्तीजवळ, पावणेदोन किलोमीटरांना थोडा कमी असा बोगदा आहे. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडतो, तसे त्याचे तोंड वापरता येते. गाडी एका बाजूने आत गेली की प्रेक्षकाच्या मनात मैलांचे अंतर सरते, आणि ती बाहेर येते तेव्हा भूमी पालटलेली चालते.

ही भूमी पालटते म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय करता येत नाही. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे, तांबडे आणि सच्छिद्र. त्याच्या कडेवर किल्ला उभा असून खाली काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश पसरतो. कलबुर्गीच्या दक्षिणेस शहाबाद, वाडी, सेडम या बाजूला करड्या चुनखडीचे थर लागतात. साऱ्या महाराष्ट्राच्या घराघरांत जिच्यावर पाय पडतो ती शहाबादी फरशी इथलीच. अन्यत्र ती जमिनीवर असते. येथे ती उभी रोवून कुंपणे करतात. दोन फुटी फरशी प्रतिकृतीत सात मिलिमीटरची होते आणि तिची जाडी एका जाड कागदाएवढी भरते. लग्नपत्रिकेचे तुकडे कापून, करड्या रंगाच्या दोनतीन छटांनी रंगवले, की कुंपण तयार होते. सगळे तुकडे एकाच छटेचे केले तर मात्र ते दगडाचे वाटत नाही.

घरांचीही तीच गोष्ट. परदेशी संचात उतरत्या छपराची, धुराडे असलेली घरे येतात. ती कमलापूरच्या शेजारी ठेवली तर लाल केळींच्या गावाला एकाएकी आल्प्स पर्वत येऊन भेटल्यासारखे होते. इथले जुने घर माळवदाचे: जाड भिंती, सपाट धाबे, त्यावर पांढरी माती, कडेला पन्हळ, आणि पन्हळीखाली भिंतीवर पावसाने ओढलेला काळसर ओघळ. तो ओघळ दाखवणारा कारागीर घराकडे दोनदा पाहून आलेला असतो. अंगणात कडब्याची गंज, तुराट्यांचा कूड, कोपऱ्यात बोरी-बाभळी. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देखाव्यात ती पिवळ्या फुलोऱ्यात दाखवायची असेल तर ऋतू हिवाळ्याच्या तोंडाचा ठरतो, आणि मग शेजारच्या ओढ्याला किती पाणी असावे हेही त्यावरून ठरते. गाणगापूर रोड स्थानक घेतले तर दत्तभक्तांची गर्दी हवी. त्यातही पौर्णिमेची आणि एरवीची वेगळी.

साहित्य बहुतेक घरचेच आहे. लाकडी चौकटीवर जाळी ताणून, त्यावर कागदाच्या पट्ट्या आणि प्लास्टर चढवले की टेकडी उभी राहते. माती त्या त्या ठिकाणची आणून वाळवावी आणि वस्त्रगाळ करून पातळ डिंकावर भुरभुरावी. रुळांखालची खडी प्रत्यक्षात ६५ मिलिमीटरपर्यंत असते. तिचा प्रतिकृतीतील खडा पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे चाळून घेतलेली काळी वाळूच. केरसुणीच्या काड्यांची तुराटी होते, वाळक्या फुलोऱ्याची झाडे होतात, ज्वारीच्या गाभ्याच्या भिंती होतात. रंग देताना एक पथ्य सांभाळावे लागते: खरी माती प्रतिकृतीत आहे त्याहून गडद दिसते, म्हणून तिच्यात थोडी फिकट छटा मिसळावी. दुरून पाहिलेली कोणतीही वस्तू किंचित धूसर असते, आणि प्रतिकृती ही दुरून पाहिलेली वस्तूच असते.

आता प्रश्न उरतो तो या साऱ्या खटाटोपाच्या प्रयोजनाचा. ताजमहाल किंवा गोलघुमट यांची मापे कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली आहेत. बीदरच्या किल्ल्याचीही आहेत. परंतु रेल्वेफाटकाजवळचे चौकीदाराचे खोपट, स्थानकामागची पाणपोई, मालधक्क्यावरील लाकडी खांब, माळवदाच्या घराची कडी-कोयंडा असलेली चौकट यांची मापे कोणत्याही गॅझेटियरात सापडत नाहीत. माळवदे पाडून सिमेंटचे स्लॅब पडत आहेत, आणि राहणाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. गळणाऱ्या धाब्याखाली राहण्याची सक्ती केवळ इतरांच्या हळवेपणासाठी कोणावर करता येणार नाही. घर पाडू नये, असा येथे आग्रह नाही. पाडण्यापूर्वी ते मोजून ठेवावे, इतकाच आहे. पाडल्यानंतर आठवणी उरतात, पण आठवणीत भिंतीची जाडी नसते.

सीमाभागातील मराठी वाचकाला याचे महत्त्व विशेष असावे. त्याच्या परिसराचे वर्णन पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत क्वचितच येते, आणि जे कन्नड, उर्दूत आहे ते बहुधा त्याच्या वाचनात येत नाही. मात्र फरशीचे कुंपण, तांबडी माती आणि माळवदाची पन्हळ कोणत्याही एका भाषेची नाही. ती मोजताना शेजारच्या कानडी शेतकऱ्यालाच विचारावे लागेल, आणि त्या विचारण्यातून दोन्ही घरांचा इतिहास एकाच वहीत उतरेल.

शंभर वर्षे छापील शब्द जतन करणाऱ्या संस्थेला अशी वही जड नाही. शाळकरी मुलांच्या दोनचार जोड्या, एक मापनफीत, चौकटीचा कागद आणि एक कॅमेरा एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. प्रत्येक वास्तूच्या चार बाजू, दारे-खिडक्यांची मापे, दगड-मातीचा रंग, आणि ती कोणत्या साली कशी होती याविषयी घरातील वडीलधाऱ्यांचे दोन शब्द, इतके एका पानावर बसते. अशी शंभर पाने जमली, तर पुढे केव्हा तरी एखादा हौशी हात त्यांवरून गाव उभारील आणि त्यातून गाडी सोडील. न उभारला तरी पाने राहतील. शताब्दीच्या या वर्षी तिचे पहिले पान लिहिले जावे, अशी सभासदांना नम्र विनंती आहे.