महापूर, बंदूक आणि पावती

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीहून खाली वसलेला. त्याला पाण्यापासून राखणारे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर बुडाले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. पोलिसांपैकी कित्येकांची स्वतःचीच घरे पाण्यात गेली आणि काही जण तर कामावरून नाहीसे झाले. लुटालुटीच्या वार्ता सर्वत्र पसरल्या. त्यांतल्या काही खऱ्या होत्या, पुष्कळशा अतिरंजित होत्या. हाक मारली असता कोणी धावून येईल, याची शाश्वती उरली नाही. ज्यांच्या घरी बंदूक होती, त्यांना तिचाच आधार वाटू लागला.

आणि नेमक्या त्याच वेळी सरकारने ती बंदूक मागितली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीसप्रमुख एडी कॉम्पास यांनी जाहीर केले की, यापुढे शहरात शस्त्र केवळ कायद्याच्या रक्षकांच्या हाती राहील. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, अशांच्या घरांतूनही बंदुका उचलण्यात आल्या. अनेकांना त्याबद्दल साधी पावतीही मिळाली नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराची दुरुस्ती १७९१ पासून आहे. हा अधिकार प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा स्पष्ट निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुढे २००८ मध्ये दिला. परंतु त्यापूर्वीही न्यू ऑर्लिन्समधील प्रश्न साधा होता. शांततेच्या काळात जी वस्तू कायदेशीर होती, ती केवळ पूर आला म्हणून बेकायदेशीर ठरते काय?

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अंधारात भेदरून बसलेल्या माणसाच्या हातातील बंदूक चोर आणि शेजारी यांत भेद करीत नाही. शहराच्या अल्जीअर्स पॉइंट या भागात पाणी शिरले नव्हते. तेथे काही गोऱ्या रहिवाशांनी रस्ते अडविले आणि जीव वाचविण्यासाठी तिकडून जाणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. पण म्हणून शस्त्र केवळ पोलिसांच्या हाती सुरक्षित होते, असेही म्हणता येत नाही. ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनीच निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला. दोघे ठार झाले, चौघे जखमी झाले, आणि मग सत्य दडपण्यासाठी खोटे अहवाल रचले गेले. तात्पर्य, भय आणि अंधार एकत्र आले की गणवेशही माणसाला आवरीत नाही.

शस्त्रधारकांच्या दोन संघटनांनी न्यायालयाकडे धाव घेतली. २३ सप्टेंबर रोजी संघीय न्यायालयाने ही जप्ती थांबविण्याचा व बंदुका परत करण्याचा आदेश दिला. शहराच्या अधिकाऱ्यांनी प्रथम अशा बंदुका आपल्यापाशी असल्याचेच नाकारले. पुढच्या वर्षी मात्र हजाराच्या आसपास बंदुका साठ्यात असल्याचे मान्य करावे लागले. त्या परत मिळविण्यासाठी मालकीचा पुरावा हवा होता. ज्याच्या घरातील कपाटासह सारे कागद पुरात कुजले, त्याने तो कोठून आणावा? तडजोड होऊन दावा निकाली निघण्यास २००८ साल उजाडले.

दरम्यान २००६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ८४ विरुद्ध १६ मतांनी एक तरतूद स्वीकारली आणि त्याच वर्षी ती संघराज्याच्या कायद्यात आली. आपत्तीच्या काळात कायदेशीर बंदूक जप्त करू नये, असा तिचा आशय आहे. मात्र तीत एक सुज्ञ अपवाद ठेवला आहे. बचावाच्या नावेत अथवा वाहनात बसताना शस्त्र तात्पुरते सोपविण्यास सांगता येते. प्रवास संपताच ते परत दिले पाहिजे. निर्वासितांनी भरलेल्या नावेत बंदूक नको, हेही खरे; आणि नाव काठाला लागल्यावर ती मालकाची, हेही खरे.

भारतातील स्थिती निराळी आहे. येथे शस्त्र हा मूलभूत अधिकार नसून १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना आहे. म्हणून तेथील न्याय जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. तथापि निवडणुका आल्या की अनेक ठिकाणी परवानाधारक आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो, पावती घेतो आणि मतदानानंतर ती दाखवून बंदूक घरी आणतो. त्या कागदाच्या चिठोऱ्याचे मोल न्यू ऑर्लिन्सच्या रहिवाशांनी चांगले ओळखले असते.

आपत्काळी शासनाला अधिक अधिकार लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. रस्ते बंद करावे लागतात, घरे रिकामी करवावी लागतात, प्रसंगी हातातील शस्त्रही खाली ठेवावयास सांगावे लागते. परंतु अधिकार जितका मोठा, तितका त्याचा हिशेब चोख असला पाहिजे. काय घेतले, कोणत्या कायद्याने घेतले आणि केव्हा परत देणार, एवढ्या तीन गोष्टी नागरिकाला लेखी मिळाव्यात. पूर आज ना उद्या ओसरतो. तो ओसरल्यावर शासनाला त्याच नागरिकाच्या दारी पुन्हा जावयाचे असते.